शटर पावसाने सडत नाही

तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असं दुकानाचं साधं शटर घ्या. पट्ट्या पोलादी, १.२ मिलिमीटर जाडीच्या. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला ७.८५ किलो, म्हणजे आपल्या नऊ चौरस मीटरचं झालं जवळजवळ ८५ किलो. पट्ट्यांचे वळवलेले काठ आणि तळाची जाड पट्टी धरली की काटा शंभराच्या पुढे जातो. आणि बदलापूर पूर्वेला, शिरगाव-आपटेवाडीच्या रस्त्याला, दुकानातला एखादा पोरगा रोज सकाळी एका हातात चहाचा ग्लास सांभाळत दुसऱ्या हाताने हे ओझं डोक्यावर भिरकावून देतो.

एवढं वजन जातं कुठे? वरच्या पाइपावर बसवलेल्या स्प्रिंगांमध्ये. रात्री शटर खाली ओढताना आपण खरं तर स्प्रिंगला पीळ देत असतो, आणि सकाळी तोच पीळ आपल्यासाठी राबतो. खरी गंमत पुढे आहे. शटर पूर्ण खाली असतं तेव्हा सगळं वजन लटकत असतं आणि स्प्रिंगचा पीळही सर्वांत जास्त असतो. शटर वर जाऊ लागलं की लटकणारं वजन एकेका पट्टीने कमी होतं आणि पीळही एकेका वेढ्याने उतरतो. दोन्ही जवळपास एकाच चालीने घटतात. म्हणूनच नीट बसवलेलं शटर मध्येच सोडलं तरी अधांतरी थांबतं. ना वीज लागते, ना मोटर. भारतीय मानकांतलं आयएस ६२४८ खास धातूच्या शटरांसाठी आहे. हाताने ओढायच्या शटरची मर्यादा त्यात ९ चौरस मीटर दिली आहे, बॉल बेअरिंग लावलं तर १२. त्यापुढे साखळी किंवा हँडलचा गिअर आला.

मग दोन-तीन पावसाळ्यांनी ‘शटर जड झालंय’ ही तक्रार का येते? वजन तर तेवढंच असतं. कधी स्प्रिंग बसलेली असते, पण बहुतेकदा वाढलेलं असतं ते घर्षण. लोखंडाचा गंज होताना तो मूळ धातूच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा अडवतो. दोन पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात त्या अरुंद सांध्यात हा फुगवटा भरला, की सांधा वळायचं नाव घेत नाही. जी पट्टी पाइपाभोवती गुंडाळली जायला हवी ती ताठ उभी राहते आणि बाजूच्या खोबणीला, म्हणजे गाइडला, घासते. दोष आपण पावसाला देतो. पण एखाद्या जुन्या शटरसमोर उभं राहून गंज नेमका कुठे लागलाय ते पाहिलं, तर वेगळीच गोष्ट दिसते.

शटरचा मधला भाग पाहा. पावसाच्या सरी थेट इथे आपटतात, आणि हाच भाग बहुधा सर्वांत धडधाकट असतो. आता खाली या. तळाच्या दोन पट्ट्या आणि बॉटमची पट्टी पोखरलेली असते, तिला बोट लावलं तर पापुद्रे निघतात. बाजूच्या गाइडमध्ये, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत, तपकिरी चिखल साचलेला असतो. पट्ट्यांच्या सांध्यांतून गंजाचे ओघळ उतरलेले असतात. वरचा बॉक्स उघडला, तर पाऊस जिथे क्वचितच पोचतो तिथेही पाइपाच्या टोकांना खपल्या धरलेल्या दिसतात. जिथे पाऊस सर्वांत जास्त, तिथे गंज सर्वांत कमी. हे कोडं सोडवायला पाण्याचा एक थेंब पुरतो.

केंब्रिज विद्यापीठातले यूलिक इव्हान्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रयोग प्रसिद्ध केला. घासून लख्ख केलेल्या पोलादावर खारट पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात रंग बदलणारी दोन रसायनं घातलेली असतात. जिथे लोखंड विरघळतं तिथे निळा रंग येतो आणि जिथे ऑक्सिजन खर्ची पडतो तिथे गुलाबी. थोड्या वेळाने थेंबाचा काठ गुलाबी होतो, मधला भाग निळा, आणि दोहोंच्या मध्ये तपकिरी गंजाचं कडं उमटतं. थेंबाच्या काठाला पाणी पातळ असतं, तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मधोमध तो कमी पडतो. दोन ठिकाणच्या या फरकामुळे थेंबाखालच्या धातूत चक्क विजेचा प्रवाह सुरू होतो. मधला भाग इलेक्ट्रॉन देतो आणि झिजतो, काठ ते घेतो आणि शाबूत राहतो.

म्हणजे गंजायला ऑक्सिजन तर हवाच, पण धातू खाल्ला जातो तो मात्र जिथे ऑक्सिजन कमी पोचतो तिथे. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली की उलटीच वाटते. पण ती कळली की शटरवरचे सगळे डाग वाचता येतात. सांध्याच्या आत पाणी धरून राहतं आणि हवा पोचत नाही, म्हणून सांधा खाल्ला जातो. गाइडच्या तळाशी चिखलाखाली तेच, बॉटमच्या पट्टीच्या पोटातही तेच. मधला उघडा पत्रा मात्र सरीने धुतला जातो, वाऱ्याने वाळतो, आणि वाचतो.

आकड्यांनीही याला दुजोरा मिळतो. हवेमुळे धातू किती वेगाने झिजतो याच्या श्रेणी आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवल्या आहेत. दमट आणि कारखान्यांच्या धुराने दूषित अशा तीव्र श्रेणीतल्या हवेतही उघडं पोलाद पहिल्या वर्षी ५० ते ८० मायक्रॉन झिजतं. शटरची पट्टी १२०० मायक्रॉनची. गंज सगळीकडे सारखा लागला असता तर दोन्ही बाजूंनी खाऊनही पट्टी आरपार जायला बरीच वर्षं लागली असती. तळाला चार-पाच वर्षांत भोकं पडतात, कारण गंज एका जागी ठाण मांडून बसतो. शटर पावसाने सडत नाही, रेंगाळलेल्या ओलीने सडतं. निवड असो की निगा, पुढचं सगळं या एका वाक्यावर चालतं.

आता शिरगावची हवा पाहू. मुंबईच्या सीएसएमटीपासून बदलापूर स्टेशन रेल्वेने ६८ किलोमीटर. समुद्राच्या लाटांतून उडणारं मीठ किनाऱ्यापासून आत येताना झपाट्याने विरळ होतं, त्यामुळे दादर-वरळीच्या शटरांना छळणारा खारा वारा इथे जवळजवळ नाही. पण त्याची भरपाई करायला बाकीचे ऋतू तयार असतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पश्चिमेकडे तोंड असलेलं गडद रंगाचं शटर दुपारी हात ठेवू देत नाही. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. हिवाळ्यात मुंबईपेक्षा गार पहाट. उघड्या आकाशाखाली रात्रभर उष्णता फेकून पत्रा आसपासच्या हवेपेक्षाही थंड होतो, आणि एक थेंब पाऊस नसताना पट्ट्यांवर दव धरतं. उन्हाळ्यातली ओढाताणही क्षुल्लक नाही. तीन मीटरची पोलादी पट्टी चाळीस अंशांनी तापली की सुमारे दीड मिलिमीटर वाढते, ॲल्युमिनियमची जवळपास तीन. पट्टी आणि गाइड यांच्यात जागा सोडतात ती यासाठीही. ती फार आवळून बसवली, तर मे महिन्यातल्या दुपारी शटर अडकणार आणि रंगाला चिरा पडणार.

पावसाळ्यात गंजायला थेंबही पडायची गरज नसते. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या ब्रिटिश संशोधकाने १९३० च्या दशकात दाखवून दिलं, की हवेत सल्फर डायऑक्साइडचा अंश असेल तर आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर जाताच लोखंड गंजण्याचा वेग एकदम उसळतो. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर ही मर्यादा बहुतेक वेळ ओलांडलेलीच असते. वायूची दुसरी अटही शिरगावात अधूनमधून पुरी होते, कारण खरवई-मानकिवलीच्या एमआयडीसीतले रासायनिक कारखाने जवळच आहेत. जून २०२१ मध्ये तिथल्या एका कारखान्यातून रात्री वायुगळती झाली आणि शिरगाव-आपटेवाडीच्या रहिवाशांना श्वास घ्यायला त्रास झाला. रोजच्या हवेत असे वायू अगदी थोडे असतात, पण पट्टीवरच्या ओलसर धुळीत विरघळले की त्यांचं पातळ आम्ल होतं. सरीने न धुतलेल्या भागावर ते तसंच बसून राहतं. बॉक्समधल्या पाइपावर खपल्या का धरतात, त्याचं एक कारण हे.

यावर दोनेकशे वर्षांपासून चालत आलेला उपाय म्हणजे जस्त. पॅरिसच्या स्तानिस्लास सोरेल यांनी वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या पद्धतीचं पेटंट १८३७ साली घेतलं. आपण ज्याला ‘जीआय’ म्हणतो, तो पत्रा त्याच घराण्यातला. जस्ताचं काम रंगासारखं नुसतं झाकण्याचं नाही. लोखंडापेक्षा ते इलेक्ट्रॉन द्यायला जास्त उतावीळ असतं. पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं, तर इव्हान्सच्या थेंबातली ती छोटी बॅटरी इथेही सुरू होते, फक्त झिजायची पाळी आता शेजारच्या जस्तावर येते. लहानसा ओरखडा असा आपोआप राखला जातो.

तरीही जस्त वर्षावर्षाला थोडं झिजतंच, म्हणून ते किती आहे हे महत्त्वाचं. जीआय पत्र्यावर जस्ताचं प्रमाण ग्रॅममध्ये सांगतात, आणि तो आकडा दोन्ही बाजूंचा मिळून असतो. १२० ग्रॅम प्रति चौरस मीटर म्हणजे एका बाजूला साधारण ८ मायक्रॉन. २७५ ग्रॅम म्हणजे सुमारे १९. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केसाच्या आठव्या ते चौथ्या हिश्शाएवढ्या थरावर आपलं दुकान उभं. आयएसओच्या त्याच मानकानुसार मध्यम श्रेणीच्या हवेत जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं, तीव्र श्रेणीत २.१ ते ४.२. भागाकार ज्याचा त्याने करावा. १२० ग्रॅमचा पत्रा तीव्र हवेत दोन ते चार वर्षांत उघडा पडतो, २७५ ग्रॅमचा त्याच्या दुपटीहून जास्त टिकतो.

जस्तालाही कोरडेपणा लागतोच. ओलं जस्त वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेटचा करडा, घट्ट थर धरतं, आणि हा थरच त्याचं खरं चिलखत. वाळायला फुरसतच मिळाली नाही तर पांढरी, भुसभुशीत पूड सुटते. फॅब्रिकेटरच्या अंगणात जुलैत एकावर एक रचलेले कोरे पत्रे महिन्याभराने सुटे करून पाहा, मधल्या पत्र्यांवर हा पांढरा गंज सापडेल. पत्रा नवा, तरी जस्त आधीच खर्ची पडलेलं. पावसाळ्यात शटर बनवून घेत असाल तर हे पत्रे आधी बघून घ्यावेत. शिवाय बदलापूरला बांधकाम अखंड चालू असतं. नव्या इमारतीत गाळ्याला शटर आधी बसतं आणि गिलावा नंतर होतो. ओल्या सिमेंटचा अल्कधर्मी चिखल जस्तालाही खातो आणि ॲल्युमिनियमलाही. ते शिंतोडे वाळायच्या आत धुवायचे, नंतर खरवडत बसण्यात अर्थ नाही.

रंगाची गोष्ट तर आणखी अजब. कोऱ्या जीआय पट्टीवर साधा ऑइल पेंट थेट मारला की वर्ष-दोन वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात, आणि लोक रंग खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात. वास्तविक घडलेलं असतं साबण बनण्याचं रसायन. रंगातली तेलाची राळ आणि जस्ताची अल्कधर्मी संयुगं यांची प्रक्रिया होऊन मध्ये जस्ताच्या साबणाचा पातळ थर तयार होतो. साबणावर रंग कसा टिकणार? म्हणून जीआयवर आधी वॉश प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर हवा. नेहमीचा रेड ऑक्साइड साध्या लोखंडी, म्हणजे एमएस पट्टीसाठी ठीक. आणखी एक बारीक गोष्ट धारेची. ओला रंग पृष्ठताणामुळे धारदार काठावरून मागे सरकतो, म्हणून काठावर तो नेहमीच पातळ बसतो आणि गंज तिथूनच डोकं काढतो. जाणता रंगारी आधी काठांवर आणि वेल्डिंगच्या रेषांवर ब्रशने एक हात फिरवतो आणि मग सगळीकडे रंग मारतो. वेल्डिंगची जागा तर उघडीच पडलेली असते. जस्त ४२० अंशांच्या आतच वितळतं आणि ९०७ ला उकळतं, पोलाद वितळायला मात्र दीड हजारांच्या आसपास तापमान लागतं. टाका मारला की भोवतालच्या जस्ताचा पांढरा धूर होऊन जातो. तो भाग घासून त्यावर जस्तयुक्त रंग लावून घेतल्याशिवाय शटर ताब्यात घेऊ नये.

पुराचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. उल्हास नदी बदलापूरच्या पश्चिमेकडून वाहते, शिरगाव रेल्वेमार्गाच्या पूर्वेला. २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, आणि २७ जुलै २०१९ रोजी, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकून हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली तेव्हा, उल्हासने आपली ताकद दाखवली. बंद शटरबाहेर मीटरभर पाणी चढलं आणि आत कोरडं असलं, तर तीन मीटर रुंदीवर सुमारे दीड टनाचा दाब येतो. ताशी शंभर किलोमीटरचा वारा याच शटरच्या पूर्ण नऊ चौरस मीटरवर चारशे किलोच्या आसपास रेटा देतो. मीटरभर पाणी वादळाच्या तिपटीहून भारी. शटर फटींतून पाणी आत सोडतं म्हणून दोन्ही बाजूंचा दाब थोडाफार सारखा होतो आणि पट्ट्या गाइडमधून निसटायच्या वाचतात. पुरापासून माल वाचवणं हे शटरचं कामच नव्हे, त्यासाठी उंच जोतं आणि उंच रॅक. पाणी ओसरल्यावर मात्र पहिल्या दिवसाला मोल आहे. सांध्यांत आणि गाइडमध्ये शिरलेला बारीक गाळ ओला असतानाच पाइपने धुवून काढावा. एकदा तो आत वाळून घट्ट बसला की पुढच्या प्रत्येक सरीचं पाणी धरून ठेवतो.

निवडीला उभं राहिलं की फॅब्रिकेटर पहिल्यांदा विचारतो, “शेठ, अठराची टाकू का वीसची?” गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. अठरा गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, वीस म्हणजे ०.९ च्या आसपास. गेजच्या कोष्टकांत थोडाफार फरक असतो, म्हणून बोलणं मिलिमीटरमध्ये करावं आणि व्हर्नियर पट्टीला लावून खात्री करावी, तीही रंग लागायच्या आधी. त्यानंतरचे प्रश्न जास्त मोलाचे, पण फारसं कोणी विचारत नाही. पत्र्यावर जस्त किती ग्रॅमचं? गाइड आणि बॉटमची पट्टी साध्या लोखंडाची की वेल्डिंग झाल्यावर गरम जस्तात बुडवलेली? जाड धातूवर बुडवून येणारा थर ५०-७० मायक्रॉनचा बसतो, पत्र्यावरच्या थराच्या तिप्पट-चौपट. पैसे कमी असतील तर पूर्ण शटरऐवजी फक्त तळाचा भाग आणि गाइड यांवर ते घालावेत, कारण सडतं तेच. गाइडचं खालचं टोक सिमेंटमध्ये बंद न करता पाणी निघून जाईल अशी फट ठेवायला सांगावं. उंबऱ्याला रस्त्याकडे जरासा उतार हवा. औषधाच्या किंवा किराणाच्या दुकानाला वरच्या काही पट्ट्या जाळीदार घेतल्या तर आत कोंडलेली दमट हवा बाहेर पडते. ॲल्युमिनियम हलकं आणि गंजाला बरं, पण पहार लावणाऱ्यासमोर कमकुवत, आणि त्यात लोखंडी स्क्रू ठोकला तर ओलीत त्या दोन धातूंचीच जुंपते. स्टेनलेस स्टीलही अमर नाही. लादी पुसायचं ब्लीच आणि ॲसिड त्याच्यावरही डाग पाडतं.

त्या ॲसिडबद्दल थोडं जास्त बोललं पाहिजे. तळाच्या पट्टीचा सर्वांत मोठा शत्रू अनेकदा दुकानातच, बाटलीत असतो. लादी चकचकीत करायला वापरलं जाणारं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. दारात ते ओतून खराट्याने घासलं की फेस बॉटमच्या पट्टीखाली शिरतो, आणि एका सकाळी जस्ताचा कित्येक वर्षांचा हिशेब मिटतो. भटक्या कुत्र्यांचं मूत्रही तळालाच पडतं, आणि ते खारट. दोन्हींवर उपाय एकच, भरपूर साधं पाणी.

बंद गाळ्याची निगा सर्वांत कमी घेतली जाते. भाडेकरू मिळेपर्यंत शिरगावात कित्येक नवे गाळे अख्खा पावसाळा बंद असतात. तेच शटर आठवड्यातून एकदा वर-खाली केलं, तर सांध्यांत हवा खेळते आणि गंजाला पट्ट्या जोडून टाकायची संधी मिळत नाही. गाइडमध्ये जळकं इंजिन ऑइल किंवा जाड ग्रीस थापायची सवय मात्र सोडावी. त्यात रस्त्याची धूळ मिसळली की पॉलिशपेपरसारखा लगदा होतो आणि तो रंगही खातो आणि जस्तही. गाइड ब्रशने साफ करून, फडक्याने पुसून, पातळ तेलाचा किंवा सिलिकॉन स्प्रेचा हलका हात पुरे. स्प्रिंगला स्वतः हात लावू नये. शंभर किलो तोलणारा पीळ एकदम सुटला तर हात जायबंदी होतो. ते शटरवाल्याचंच काम.

निगेचा खरा मुहूर्त कॅलेंडरातच दिलेला आहे. खंडेनवमी-दसऱ्याला आपण यंत्रं, वाहनं, हत्यारं धुऊन पुसून पुजतो. हा सण बरोबर पाऊस सरताना आणि ऑक्टोबरचा उन्हाचा चटका सुरू होताना येतो. त्या दिवशी शटरला झेंडूचं तोरण बांधण्याआधी अर्धा तास काढावा. पाइप लावून पट्ट्यांच्या सांध्यांत, गाइडच्या तळाशी, छज्ज्याखालच्या ज्या भागावर पाऊस पोचत नाही त्या भागावर साधं पाणी मारावं. चार महिन्यांचा क्षार आणि आम्लाची धूळ निघून जाईल. गंज टाळायला लोखंडावर मुद्दाम पाणी ओतायचं, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण दुपारपर्यंत ऊन ते वाळवून टाकतं, आणि सांध्यात वर्षभर ओल धरणारी धूळ तेवढी गेलेली असते. मग शटर वाळलं की उघडं पडलेलं लोखंड कुठे दिसतं ते पाहून तिथेच घासून जस्तयुक्त रंगाचा हात द्यावा. पुढच्या जूनपर्यंत त्याला तेवढं पुरतं.